गेटवर अडवलं, मग व्हॉट्सॲपवर पत्र: नोकरी गेली असं समजायचं का?

पत्र: माझे मिस्टर रबाळे एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत नऊ वर्षं आठ महिने सीएनसी मशीनवर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना ‘सुपरवायझर’ केलं, पण काम मशीनवरचंच राहिलं. रोज बारा तास काम व्हायचं. जादा तासांचे दुप्पट पैसे द्या असं त्यांनी आणि आणखी दोघांनी लेखी मागितलं. त्यानंतर एचआरने केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहायला सांगितलं. मिस्टरांनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी सिक्युरिटीने गेटवरच अडवलं आणि आठवड्याने व्हॉट्सॲपवर पत्र आलं: ‘विनापरवानगी गैरहजर, कंपनीचा विश्वास गमावला, सेवा समाप्त.’ गेटवर अडवलं त्याला आज 24 दिवस झाले. आता निरोप येतोय की राजीनाम्यावर सही केली तर दोन महिन्यांचा पगार देऊ. घरातली मोठी माणसं म्हणतात, घ्या आणि मोकळे व्हा, कोर्टात पडलात तर दुसरीकडेही कोणी घेणार नाही. काय करावं? — एक वाचक, कळवा

उत्तर:

ताई, राजीनाम्यावर सही करू नका. मिस्टरांनी केबिनमध्ये नकार दिला हे फार बरं झालं, कारण आज त्यांच्या हातात जे काही आहे ते त्या नकारामुळे आहे. राजीनामा दिलेल्या माणसाला ‘काढलं’ असं कायदा मानत नाही. मग जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर येतं, आणि बंद केबिनमधलं बोलणं सिद्ध करणं अतिशय अवघड असतं. (ज्यांनी दबावाखाली सही केली आहे त्यांनी त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, ‘राजीनामा दबावाने घेतला, तो मी मागे घेत आहे’ असं ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवावं. महिन्याने पाठवलेल्या अशा पत्राला फारसं वजन राहत नाही.)

आता त्या दोन महिन्यांच्या पगाराबद्दल. तो मोठा वाटतो, कारण कायद्याने किती देणं लागतं हे कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही.

मालकाला कामगार काढायचे दोन रस्ते आहेत. पहिला शिक्षा म्हणून. त्यासाठी आरोपपत्र द्यावं लागतं, खुलासा मागावा लागतो, खात्यांतर्गत चौकशी घ्यावी लागते, कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यावी लागते, चौकशीच्या निष्कर्षाची प्रत द्यावी लागते आणि मगच शिक्षा ठरवता येते. दुसरा रस्ता कामगार कपातीचा, म्हणजे माणसाचा दोष नाही पण त्याची गरज उरली नाही. त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागतो आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. ही भरपाई नंतर कधीतरी द्यायची नसते, ती काढतानाच द्यावी लागते. ती न देता केलेली कपात टिकत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

तुमच्या मिस्टरांच्या पत्रात ‘गैरहजर’ आणि ‘विश्वास गमावला’ असे आरोप आहेत, म्हणजे कंपनीने पहिला रस्ता धरला, पण चौकशी घेतली नाही. उद्या कंपनी म्हणाली की ही साधी सेवासमाप्ती होती, तर दुसरा रस्ता येतो, आणि त्याचेही पैसे दिलेले नाहीत. तुमच्या बाजूचा सगळा जोर इथे आहे.

आकड्यांत बघू. समजा पगार 36,400 रुपये आहे, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता 15,600, घरभाडे आणि प्रवास भत्ता मिळून 20,800. नव्या कामगार संहितांमध्ये ‘वेतना’ची व्याख्या बदलली आहे. असे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असले तर निम्म्यावरची रक्कम वेतनात धरली जाते. निम्मा आकडा 18,200. म्हणून वेतन 15,600 न धरता 18,200 धरायचं. ग्रॅच्युइटी: 18,200 ला 26 ने भागून 700, गुणिले 15 दिवस, गुणिले 10 वर्षं (नऊ वर्षं आठ महिने म्हणून दहा) = 1,05,000 रुपये. जुन्या हिशेबाने हेच 90,000 होतात, तेव्हा कंपनी कोणत्या वेतनावर आकडा काढते ते तपासा. कपातीची भरपाई दहा वर्षांचे 150 दिवस, म्हणजे साधारण पाच महिन्यांचं वेतन, 91,000 रुपये. नोटिशीचा एक महिना 18,200. एकूण 2,14,200. यात शिल्लक रजेचे पैसे, बोनस, न दिलेला दुप्पट ओव्हरटाइम आणि चालू महिन्याचा पगार अजून धरलेला नाही, आणि अन्यायाची भरपाई म्हणून एक रुपयाही नाही. कंपनी देऊ करते आहे ते 72,800. वरचे आकडे नमुन्याचे आहेत, शेवटची पगारपावती समोर घेऊन तुमचे काढा. पण प्रमाण असंच निघेल.

आता कामाला लागा, आणि क्रम चुकवू नका.

आजच्या आज मिस्टरांनी कंपनीला एक पत्र पाठवायचं. वकिलाची नोटीस लागत नाही, स्वतःचं साधं मराठी पत्र चालतं. त्यात एवढंच: ‘अमुक तारखेला मी पहिल्या पाळीसाठी आलो असता मला गेटवर अडवण्यात आलं. त्यानंतर अमुक तारखेला व्हॉट्सॲपवर सेवासमाप्तीचं पत्र मिळालं. त्यातले आरोप खोटे आहेत व मला मान्य नाहीत. मी गैरहजर नव्हतो, मला आत घेतलं नाही. मला कोणतंही आरोपपत्र मिळालेलं नाही आणि कोणतीही चौकशी झालेली नाही. मी राजीनामा दिलेला नाही. मी कामावर हजर व्हायला तयार आहे, कृपया रुजू करून घ्यावं.’ तारीख, टोकन नंबर, सही. कारखान्याच्या पत्त्यावर एक आणि मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर एक अशी दोन स्पीड पोस्टं करा आणि एचआरच्या ईमेलवर त्याची प्रत पाठवा. पोस्टाची पावती आणि ‘डिलिव्हर्ड’ दाखवणाऱ्या ट्रॅकिंगचं प्रिंट जपून ठेवा. ट्रॅकिंगची माहिती पोस्टाच्या साइटवर कायम राहत नाही, त्यामुळे प्रिंट लगेच काढा.

हे पत्र इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. कोर्टात कंपन्यांचा ठरलेला बचाव असतो: ‘आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला.’ गेटवर अडवल्याचा कागद कामगाराकडे नसतो, आणि सीसीटीव्ही कंपनीचा असतो. नोकरी सोडलेला माणूस ‘मला रुजू करून घ्या’ असं पत्र पाठवत नाही. म्हणून हा एक कागद पुढे दहा साक्षीदारांचं काम करतो. कंपनीने उत्तर दिलं नाही तरी तुमचं काहीच बिघडत नाही.

गेटवर मात्र वाद घालायला जाऊ नका. सिक्युरिटीशी हुज्जत झाली की ‘शिवीगाळ केली, धमकी दिली’ असा नवा आरोप तयार होतो, आणि मग जिथे काहीच नव्हतं तिथे कंपनीला खरं कारण मिळतं. पोलीस ठाण्यातही यातून काही निष्पन्न होणार नाही. कोणी ग्राहक मंचात जा म्हणालं तर ऐकू नका, नोकरीचा वाद तिथे चालत नाही.

कागद या आठवड्यात गोळा करा. नेमणुकीचं पत्र, ‘सुपरवायझर’ केल्याचं पत्र, सापडतील तितक्या पगारपावत्या, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो, फॉर्म 16. पीएफचं पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी आत्ताच डाउनलोड करा. त्यात रुजू झाल्याची तारीख येते, आणि कंपनीने नोकरी सोडल्याची कोणती तारीख भरली तेही कळतं. ती तारीख गेटवर अडवण्याच्या आधीची भरली असेल तर तो तुमच्या बाजूचा पुरावा झाला. ओव्हरटाइम मागितलेल्या अर्जाची प्रत सर्वांत मोलाची, कारण अर्ज कधी केला आणि काढलं कधी या दोन तारखा शेजारी ठेवल्या की हेतू उघड होतो. तुमच्याकडे प्रत नसेल तर बाकीच्या दोघांकडे विचारा. व्हॉट्सॲपचे मेसेज असलेला फोन बदलू नका, विकू नका, रीसेट करू नका. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन मागितला तर दाखवावा लागतो. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांची यादी, मशीनचे प्रोग्रॅम असलं काही मात्र घरी आणू नका. ते आणलं तर चोरीचा आरोप होईल.

आता सुपरवायझरचा प्रश्न, कारण कंपनीचा पहिला आक्षेप हाच असेल. कामगार कायद्याचं संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला मिळतं. देखरेखीचं काम करणारा आणि नव्या संहितेप्रमाणे महिना 18,000 पेक्षा जास्त पगार घेणारा माणूस त्यातून बाहेर पडतो. पण कोर्ट पदाचं नाव बघत नाही, माणसाचं मुख्य काम काय होतं ते बघतं. मशीन चालवणाऱ्याला, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. मग मिस्टर कोणाची रजा मंजूर करत होते का? कोणाला मेमो देत होते का? कोणाचा पगार किंवा बढती त्यांच्या सहीने ठरायची का? या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते कामगार आहेत. उत्पादनाच्या रोजच्या शीटवर मशीन नंबरसमोर त्यांचं नाव असेल तर ते तक्रारीत नमूद करा, कंपनीकडून ती शीट मागवता येते. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत असणाऱ्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं. ‘तुम्हाला लेबर लॉ लागू नाही’ असं एचआरने सांगितलं म्हणून ते खरं ठरत नाही.

कुठे जायचं? कारखाना रबाळ्याला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. मुख्य कार्यालय अंधेरीत असो वा पुण्यात, तुमचं प्रकरण ठाण्यातच चालेल. (तळोज्याच्या कंपन्या रायगड जिल्ह्यात येतात, तिथल्या वाचकांनी हा फरक ध्यानात घ्यावा.) दारं दोन आहेत आणि त्यातलं एकच निवडायचं आहे.

पहिलं दार महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्याचं: कामगार संघ मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, 1971. कोर्टाच्या आवारात याला ‘यूएलपी’ म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब कामावरून काढण्याबद्दल आहे, आणि ती वाचली तर तुमच्याच पत्रावरून लिहिल्यासारखी वाटेल: सूडबुद्धीने काढणं, विनारजा गैरहजेरीचे खोटे आरोप ठेवून काढणं, नैसर्गिक न्यायाची तत्त्वं धाब्यावर बसवून घाईने काढणं. तक्रार मिस्टर स्वतः ठाण्याच्या कामगार न्यायालयात दाखल करू शकतात, युनियन लागत नाही. मुदत घटना घडल्यापासून 90 दिवस. उशीर सबळ कारण दाखवून माफ करून घेता येतो, पण त्यावर विसंबू नका. दिवस पत्राच्या तारखेपासून न मोजता गेटवर अडवलं त्या तारखेपासून मोजा. तसे 66 दिवस उरले आहेत. कॅलेंडरवर खूण करा आणि त्याच्या दोन आठवडे आधी तक्रार दाखल झालीच पाहिजे असं धरून चाला.

दुसरं दार औद्योगिक संबंध संहितेचं. आधी ठाण्याच्या कामगार आयुक्तालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, समेट झाला तर ठीक, नाहीतर 45 दिवसांत अहवाल देतो आणि मग औद्योगिक न्यायाधिकरणात जायचं. तो अहवाल मिळाल्यापासून न्यायाधिकरणात अर्ज करायला 90 दिवस असतात. वाद उभा राहून दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी तो हातात घेऊ शकत नाही. पूर्वी तीन वर्षांपर्यंत जाता यायचं, ते दिवस गेले.

1971 च्या कायद्याचं कलम 59 सांगतं की एकाच बाबीसाठी एका कायद्याखाली कार्यवाही सुरू केली की दुसऱ्याखाली ती चालत नाही. त्यामुळे ‘आधी लेबर ऑफिसात अर्ज टाकून ठेवू, मग बघू’ असं बरेच जण करतात ते महागात पडू शकतं. तिथे तारखा पडत राहतात, 90 दिवस उलटून जातात आणि पहिलं दार बंद होतं. आमचं मत विचाराल तर तुमच्या प्रकरणात यूएलपी बरी, कारण अनुसूचीतले शब्द तुमच्या घटनेला नेमके लागू पडतात, मुदत हातात आहे, आणि या कायद्यात अंतरिम आदेश (निकालाआधीचा तात्पुरता आदेश) मागता येतो. कंपनीचा वकील ‘नवी संहिता आल्यावर हा कायदा कुठे उरला’ असं म्हणेल. संहितेने रद्द केलेले कायदे तीन आहेत: 1926 चा कामगार संघ कायदा, 1946 चा स्थायी आदेश कायदा आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा. महाराष्ट्राचा 1971 चा कायदा त्या यादीत नाही. तुमच्या वकिलाला या मुद्द्याची तयारी ठेवायला सांगा.

एक अपवाद मात्र मोठा आहे. जे ठेकेदाराच्या नावावर आहेत आणि ‘आम्ही खरे मूळ कंपनीचेच कामगार’ असं म्हणतात, त्यांनी यूएलपीत थेट जाऊ नये. मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर ते आधी दुसऱ्या दाराने ठरवून घ्यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या प्रकरणांत सांगितलं आहे. बाकीच्या दोघांपैकी कोणी ठेक्यावर असेल तर तिघांची एकत्र तक्रार करू नका.

तक्रार लिहिताना दोन गोष्टी हमखास राहतात. पहिली: ‘काढल्यापासून मी बेकार आहे, प्रयत्न करूनही काम मिळालेलं नाही’ हे वाक्य. सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या दीपाली सुरवसे प्रकरणात म्हटलं की काढणं बेकायदा ठरलं तर नोकरीचं सातत्य आणि मधल्या काळाचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम आहे. पण आपण कुठे कमावत नव्हतो हे कामगाराने आधी म्हणायला हवं. त्याने म्हटलं की ते खोटं पाडायची जबाबदारी मालकावर जाते. दुसरी: घर चालवायला मिस्टरांनी दुसरीकडे काम धरलं तर ते लपवू नका. त्याने मधल्या काळाचा पगार कमी होईल, परत कामावर जाण्याचा हक्क जात नाही. लपवलं आणि पीएफच्या नोंदीतून उघड झालं तर मात्र त्यांच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही शंका येते. घरात चूल पेटती ठेवण्यासाठी काम करण्यात गैर काहीच नाही.

आणि एक भ्रम आत्ताच दूर करतो: ‘चौकशी घेतली नाही, म्हणजे आपण जिंकलोच.’ तसं नाही. कंपनी आपल्या लेखी जबाबात परवानगी मागून तेच आरोप कोर्टासमोर पुरावा देऊन सिद्ध करायचा प्रयत्न करू शकते. म्हणून गैरहजेरीच्या आरोपाचं उत्तर आजच तयार हवं. त्या दिवसांत मिस्टर कुठे होते? गेटवर काढलेला फोटो, गूगलच्या टाइमलाइनची नोंद, कंपनीच्या बसची वेळ, सहकाऱ्याला केलेला फोन, जे असेल ते तारखेनुसार लिहून ठेवा. महिन्याभरात हे तपशील डोक्यातून पुसले जातात.

पैशांचं काय? काढल्यानंतर दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार देणं वेतन संहितेप्रमाणे बंधनकारक आहे. ‘फुल अँड फायनलला 45 दिवस लागतात’ हा कंपन्यांनी पाडलेला पायंडा आहे, कायदा नाही. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. नोकरीवरून काढलं म्हणून ती जप्त होत नाही. नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा या कारणांनी बडतर्फ केलं असेल तरच ती अडवता येते, गैरहजेरी त्यात बसत नाही. तिच्यासाठी लेखी अर्ज करा, नाही दिली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) स्वतंत्र दावा होतो आणि त्याला वरच्या ‘एकच दार’ नियमाची आडकाठी नाही. ही रक्कम खात्यात आली तर परत करू नका, पण त्याच दिवशी ईमेल टाका: ‘रक्कम निषेधासह व माझे सर्व हक्क अबाधित ठेवून स्वीकारली आहे.’ ‘सर्व देणी मिळाली, कंपनीविरुद्ध काही तक्रार नाही’ असा छापील कागद पुढे केला तर त्यावर सही नको.

घरातल्या मोठ्यांची भीती खोटी नाही. प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं, आणि रबाळे-महापे पट्ट्यात एचआरवाले एकमेकांना ओळखतात. त्यामुळे तडजोड करूच नका असं आम्ही म्हणत नाही. तक्रार दाखल झाल्यावर कंपनीचा आकडा बहुधा वाढतो, तेव्हा बोला. पण 2,14,200 च्या हिशेबात आलेली रक्कम म्हणजे तडजोड नव्हे, ते कायद्याचं देणंच आहे. त्यावर मधल्या काळाचा पगार आणि पुढच्या नोकरीपर्यंतचे महिने धरून बोलणी सुरू करा. समेट झालाच तर तो कंपनीच्या केबिनमध्ये नको, कोर्टात दाखल केलेल्या लेखी अटींवर हवा. त्यात रक्कम, चेक किंवा बँक ट्रान्सफरची तारीख, कापायच्या कराचा उल्लेख, अनुभवाचा दाखला आणि त्या पत्रातले आरोप मागे घेतल्याचं वाक्य असू द्या. हे शेवटचं वाक्य पुढच्या नोकरीसाठी पैशांइतकंच मोलाचं आहे.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये ‘औद्योगिक कामगार’ हा मोफत वकील मिळण्याचा स्वतंत्र गट आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100. जाताना ओळखपत्र, सेवासमाप्तीच्या पत्राचं प्रिंट आणि आज पाठवलेल्या पत्राची पोस्टपावती घेऊन जा.

मिस्टरांबरोबर अर्ज केलेल्या त्या दोघांना अजून काढलं नसेल, नुसती कारणे दाखवा नोटीस आली असेल, तर त्यांनी काढण्याची वाट बघू नये. खोट्या आरोपांवर काढायची तयारी दिसत असेल तर अंतिम आदेश निघण्याआधीही यूएलपी दाखल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये हिंदुस्थान लिव्हर विरुद्ध अशोक काटे या प्रकरणात स्पष्ट केलं आहे, आणि त्यात कामावरून काढण्यास मनाई मागता येते. नोटिशीला दिलेल्या मुदतीत लेखी खुलासा मात्र त्यांनी द्यायलाच हवा, आणि त्याची पोच घ्यायला हवी.